उटनूरचं वरण

माझ्या धाकट्या बहिणीचं सासर उटनूरला, तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात. माणसं मराठी. "तिथं मराठी कशी?" हे आपल्या गोव्यात मला हमखास विचारतात. १९५६ पर्यंत किनवट, राजुरा आणि उटनूर एकाच जिल्ह्यात होती. प्रांतरचनेत पहिली दोन महाराष्ट्रात आली, उटनूर तिकडेच राहिलं. असो.

लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्याकडे गेले होते. पानं वाढताना ती हळूच म्हणाली, "ताई, माझा हात गेला गं." तूरडाळ पाच शिट्ट्या देऊनही कणीदार राहायची. सासूबाई काही बोलत नसत, फक्त वरण पानाच्या कडेला सारत. ते न बोलणंच तिला जास्त लागलं होतं. माहेरी हिच्या हातच्या डाळीच्या तोयासाठी पाहुणे थांबत हो!

मी आंघोळीला गेले तर साबणाला फेस येईना. बादलीवर पांढरी पुटं, चहाच्या किटलीत चुन्यासारखा थर. तेव्हा लक्षात आलं, दोष हाताचा नाही, पाण्याचा. आपल्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणी हलकं. तिथं जमिनीखाली काळा पाषाण आणि घरात बोअरचं पाणी, कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळलेलं. हे कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून बसतं, मग दाणा मोडायचा कसा?

बिचारीनं तुरटी फिरवून पाहिली होती. तुरटीनं गढूळपणा जातो, जडपणा नाही. शेजारणीनं खायचा सोडा सुचवलेला. सोड्यानं डाळ मऊ होते खरी, पण चव बिघडते आणि ब-१ जीवनसत्त्वही नासतं.

मग रात्री पातेलंभर पाणी चांगलं खळखळ उकळून झाकून ठेवलं. सकाळी तळाशी पांढरा साका बसला होता. वरचं पाणी अलगद ओतून घेतलं, त्यातच डाळ भिजवली नि शिजवली. सगळा जडपणा उकळून जात नाही. सल्फेट, क्लोराइडचा तसाच राहतो. पण इथं बराचसा गेला. किटलीत मी आईनं दिलेली आमसुलं उकळली, थर सुटला.

दुपारी सासूबाईंनी वरण भातावर मागून घेतलं. म्हणाल्या, "आम्ही तर डाळीला ओढ्याचंच पाणी आणायचो. हे बोअरचं पाणी डाळीला चालतच नाही."

बहीण पळी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.