खाऱ्या वाऱ्यातलं रीळ

देवगडच्या कातळावर पहाटे गरवायला उभं राहिलं की मासा लागायच्या कितीतरी आधी ओठांना मीठ लागतं. तेच मीठ हातातल्या रिळावरही बसत असतं.

आजोबा परळच्या गिरणीत साचे चालवायचे. मी पहिलं स्पिनिंग रीळ आणलं तेव्हा त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘अरे, ही तर आमचीच कांडी!’’ खरंच होतं ते. धोट्यातली कांडी जागची फिरत नाही, सूत तिच्या टोकावरून सुटत जातं. इथंही तसंच. आमिष फेकताना रिळाची कांडी स्तब्ध असते, तंगूस म्हणजे गळाची दोरी कडेवरून वेटोळ्यावेटोळ्यानं निघते. पुढं वाचनात आलं, की १९०५ साली अशा रिळाचं पेटंट घेणारे आल्फ्रेड इलिंगवर्थ ब्रॅडफर्डच्या लोकर-धंद्यातलेच होते. आजोबांना हे सांगायचं राहून गेलं.

ते पहिलं रीळ मी खोक्यावरचा बेअरिंगांचा आकडा बघून घेतलं होतं. दुसऱ्या मोसमात एक दणदणीत तांबोशी लागली, कपारीकडे धावली. मासा ओढू लागला की दोरी सोडणारा रिळातला ब्रेक, म्हणजे ड्रॅग, सुटायला हवा होता, तो सुटलाच नाही. दोरी तुटल्याचा आवाज अजून कानात आहे. घरी येऊन रीळ उघडलं. आत तांबूस गंज आणि पांढरी भुकटी. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. स्टीलचा स्क्रू आणि ॲल्युमिनियमची काया यांच्यामध्ये हे पाणी शिरलं की विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. बेअरिंग जितकी जास्त, तितक्या मिठाला बसायच्या जागा जास्त, असंच मला तेव्हापासून वाटतं. पाचसहाच असावीत, पण नीट झाकलेली.

आता दुकानात मी आधी लाइन रोलर बोटानं फिरवतो. दोरी ओलीचिंब होऊन त्याच्यावरूनच परतते, म्हणून बहुधा पहिला तोच अडतो आणि अडला की दोरी घासून घासून कातरते. मग कांडीची टोपी काढून ड्रॅगच्या चकत्या बघतो. कार्बनच्या असल्या आणि भोवती रबराची कडी असली की जीव निवतो. हँडल थेट दातेरी चाकात पेचानं बसणारं हवं, नुसतं अडकवलेलं पुढं खुळखुळतं. ग्राफाइटची काया गंजत नाही हे खरं, पण मोठ्या माशाच्या ओढीखाली ती किंचित वाकते आणि दाते एकमेकांवरून घसरतात. कातळावरून गरवायचं तर मला धातूचीच काया हवी, चार तोळे वजन वाढलं तरी चालेल. बांधणी चांगली असेल, तर ४००० किंवा ५००० क्रमांकाचं रीळ आपल्या तांबोशीला पुरून उरतं.

ओहोटी लागली की घरी परततो. ड्रॅग घट्ट आवळून रिळावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडतो. जोराची धार नको, ती मिठाला आत ढकलते. पुसून पडवीत सावलीला ठेवतो आणि ड्रॅग पुन्हा सैल करतो, चकत्या दबून राहू नयेत म्हणून. रात्री निजण्यापूर्वी एकदा हँडल फिरवून कानाशी धरतो. आत खरखर नाही. बाहेर समुद्राची गाज तेवढी येत असते.