नऊ धावांचे येणे

रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली आणि पुढे १९५६-५७ पर्यंत ती बाद पद्धतीने खेळली गेली. हरलात की वळकटी बांधायची आणि घरची गाडी पकडायची. पुढच्या सामन्यात भरपाई करू, गुण मिळवू, ही भाषाच नव्हती. या कठोर व्यवहारातले सारे हंगाम एकीकडे आणि १९४८-४९ चा हंगाम एकीकडे, असे माझे मत आहे. अर्थात हे मत मला वारशाने मिळाले. माझा जन्म त्यानंतरचा. तो हंगाम मी पाहिला तो आमच्या मामांच्या तोंडून, आणि इतक्या वेळा पाहिला की पूना क्लबच्या मैदानावरचे त्या वर्षीचे ऊनसुद्धा मला आठवते, असे कधी कधी वाटते.

१६ डिसेंबर १९४८ रोजी त्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा सामना सुरू झाला. काठेवाडने २३८ धावा केल्या. वाईट नव्हत्या, पण पुढे जे घडले त्यात त्या कुठल्या कुठे वाहून गेल्या. कमल भांडारकर आणि भाऊसाहेब निंबाळकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. भांडारकर २०५ वर बाद झाले. निंबाळकर खेळतच राहिले. ४९४ मिनिटे, ४९ चौकार, एक षटकार. तिसऱ्या दिवशी धावफलकावर महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ आणि निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावा लागल्या होत्या. डॉन ब्रॅडमनने १९३० साली सिडनीला केलेल्या नाबाद ४५२ धावांचा जागतिक उच्चांक नऊ पावलांवर उभा होता. म्हणजे तीन चौकारांचा प्रश्न.

आणि खेळ विश्रांतीसाठी थांबला.

काठेवाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांनी सामना सोडून दिला. आणखी दोनच षटके टाका, मग आम्ही डाव सोडतो, अशी विनवणी महाराष्ट्राच्या बाजूने झाली म्हणतात; पण पाहुणे मैदानात उतरले नाहीत ते नाहीतच. आपल्या संघाचे नाव असल्या विक्रमाला कायमचे चिकटू नये, हा त्यांचा हेतू असल्याचे सांगतात. तसे असेल तर दैवाने त्यांची चांगलीच थट्टा केली. नऊ धावा दिल्या असत्या तर हनीफ महंमदने १९५९ साली ४९९ केल्या तेव्हाच लोक काठेवाडला विसरले असते. दिल्या नाहीत, म्हणून आजही विसरत नाहीत.

तो दिवस शनिवारचा. मामा एका पेढीवर कारकून होते. शनिवारी अर्धा दिवस. पहिले दोन दिवस त्यांनी कुणाचे तरी पोट दुखवून रजा काढली होती (कुणाचे, ते मामींनी आम्हाला कधी कळू दिले नाही). तिसऱ्या दिवशी मात्र मालकांनी डोळे वटारले. काम उरकून, सायकल हाणीत, डबा न उघडता ते मैदानावर पोहोचले तेव्हा तिथे माळी पाण्याचा पाइप ओढीत होता. मामांना वाटले, निंबाळकरांनी विक्रम केला आणि लोक त्यांना खांद्यावरून घेऊन गेले. माळ्याने खरे काय ते सांगितले. मामा तिथेच गवतावर बसून राहिले.

घरी येऊन त्यांनी रोजकीर्दीत लिहिले : "काठेवाडकडून येणे, धावा ९." मी ती वही पाहिली आहे. शाई फिकी झाली, पण येणे खोडलेले नाही. मामी म्हणत, "नऊ नव्हे, दहा. नवांनी बरोबरी होते, पुढे जायला दहावी लागते." यावर मामा चिडत. हिशेब मामींचा बरोबर होता.

मी मोठा झाल्यावर मामांशी या विषयावर वाद घालू लागलो. ठाकोरसाहेबांची बाजू मला अगदीच कळत नव्हती असे नाही. त्यांचे राजकोट संस्थान त्याच वर्षी सौराष्ट्रात विलीन झालेले. गादी गेली, आणि वर पुण्यात येऊन उन्हात चेंडू आणायला धावायचे! पण मग मला आठवे की करंडकाला ज्यांचे नाव, ते रणजितसिंहजी नवानगरचे, म्हणजे काठेवाडचेच. त्यांच्या नावाच्या स्पर्धेत त्यांच्याच मुलखाच्या संघाने मैदान सोडावे, हे काही मनाला पटत नाही. सामना तर जाणारच होता. बाद पद्धतीत हरलेल्याच्या हातात उरते ते एवढेच, की शेवटचा चेंडू टाकून जावे.

ते कसे करतात हे त्याच मैदानावर तीन महिन्यांत दिसले. ५ मार्च १९४९ पासून मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना सुरू झाला तो सात दिवस चालला. मुंबई ६५१, महाराष्ट्र ४०७. मुंबईने पुन्हा फलंदाजी घेऊन ८ बाद ७१४ केल्या. माधव मंत्रींच्या २००. दत्तू फडकरांनी दोन्ही डावांत शतके काढली. फडकरही मूळचे निंबाळकरांसारखे कोल्हापूरचे. मामांना त्यांच्या प्रत्येक चौकाराचे दुप्पट दुःख होई. महाराष्ट्रापुढे आता ९५९ धावांचे लक्ष्य. ही काय धावसंख्या झाली? पण कुणी बॅगा बांधल्या नाहीत. मधुसूदन रेगे यांनी पहिल्या डावासारखेच दुसऱ्यातही शतक केले आणि महाराष्ट्र ६०४ पर्यंत गेला. ३५४ धावांनी हरला. त्या सामन्यातल्या २३७६ धावा प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये आजही सर्वाधिक आहेत. मामा या सामन्याबद्दल बोलताना आवाज चढवीत नसत. या पराभवाची नोंद त्यांच्या वहीत नाही.

पुढे मुंबईने अंतिम सामन्यात बडोद्याला ४६८ धावांनी हरवून करंडक नेला; त्याचे पुण्यात कुणाला काही वाटले नाही.

निंबाळकरांना कसोटी सामना एकही मिळाला नाही. त्या हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात खेळत होता, तरीही नाही. रणजी करंडकातला त्यांचा उच्चांक मात्र पंचाहत्तर वर्षे उलटली तरी कुणाला ओलांडता आलेला नाही. ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरात ते वारले. दुसऱ्या दिवशी त्यांना ९३ वर्षे पूर्ण झाली असती. मामा तोवर गेले होते. मामी होत्या. मी बातमी वाचून दाखवली तेव्हा त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाल्या, "इथेसुद्धा एक कमीच."