तेवीस हजार फोटोंमध्ये एक फोटो



आज पाठाचं टाचण नाही, एक अनुभव लिहिते आहे.

२०२३ च्या दिवाळी सुट्टीआधीची गोष्ट. शाळा सुटली होती आणि मी वर्गात नोंदी पूर्ण करत बसले होते. तिसरीतल्या एका मुलीचे वडील दारात आले. इथे थर्मलला कंत्राटी कामाला आहेत. पालक असे अवेळी आले की माझ्या मनात पहिला विचार येतो, आज कुणी कुणाला मारलं? पण ते चप्पल काढून दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या मंडळींचा एखादा फोटो आसंल का तुमच्याकडं? त्या आनंद मेळाव्यातला?"

त्यांची पत्नी २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली. घरी भिंतीवर लावायला चांगला फोटो नव्हता, म्हणून आधार कार्डावरचाच मोठा करून लावला. आधारवरचे फोटो कसे येतात ते आपल्याला माहीत आहे. मुलगी म्हणते, "ही आई नाही." एवढं सांगून ते गप्प झाले.

मी लगेच म्हणाले, "आहे ना! जानेवारी २०२० चा मेळावा, मीच काढलेत सगळे फोटो. उद्या देते."

उद्या काही देता आलं नाही.

आपण शिक्षक दिवसाला किती फोटो काढतो बघा. वृक्षारोपण, पोषण आहार, हात धुवा दिन, प्रत्येक उपक्रमाला "फोटो पाठवा" हा मेसेज ठरलेला. काढला, ग्रुपवर टाकला, अहवालात चिकटवला, संपलं. २०२० साली माझ्याकडे असलेला मोबाईल मी केव्हाच एक्स्चेंजमध्ये दिला होता. देण्याआधी त्यातले फोटो लॅपटॉपवर उतरवले होते, पण त्या लॅपटॉपची हार्ड डिस्क २०२१ मध्ये बंद पडली. दुरुस्तीवाल्याने सांगितलेला खर्च ऐकून मी "राहू द्या" म्हणाले होते. तेव्हा वाटलं, काय, अहवालाचेच तर फोटो आहेत. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शोधलं, तर मीडिया मीच जागा करायला पुसून टाकलेली.

शेवटी बदली होऊन इगतपुरी तालुक्यात गेलेल्या एका सहकारी मॅडमना फोन केला. त्या फोनमधलं काहीही डिलीट करत नाहीत. यावरून आम्ही त्यांना पूर्वी चिडवायचो. त्यांनी रात्री साडेदहाला तीन फोटो पाठवले. तिसऱ्यात डाव्या कडेला ती होती. डोक्यावर पदर, हातात पळी, कुणाला तरी काहीतरी सांगताना हसतेय. आणि तिच्या पदराला धरून उभी असलेली ही मुलगी, तेव्हा अंगणवाडीत असेल.

फोटो मिळाला खरा, पण तो व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेला. व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना लहान करतं, हे आपण विसरतो. पूर्ण फोटो प्रिंटला चालतो, पण कडेचा एवढासा चेहरा कापून मोठा केला की डोळे धूसर होतात. माझा मूळ फोटो असता तर तसं झालं नसतं. ते मला आजही लागतं.

त्या दिवाळीत फराळाबरोबर मी फोटोंचं काम काढलं. दोन मोबाईल, चार पेन ड्राइव्ह, शाळेच्या कॅमेऱ्याचं कार्ड आणि गुगल फोटोज, सगळं एका नव्या हार्ड डिस्कवर आणलं. तेवीस हजार भरले! त्यात एकाच झेंडावंदनाचा एकच फोटो अकरा वेळा, कारण चार ग्रुपवरून तो परत परत आलेला.

डीएडला असताना मी पिकासा वापरायचे. मैत्रिणींचे, सराव पाठांचे छान अल्बम केले होते. गुगलने २०१६ मध्ये पिकासा बंद केलं, आणि नंतर संगणक बदलला तेव्हा कळलं की ते अल्बम म्हणजे त्या सॉफ्टवेअरमधली नुसती यादी होती. फोटो आले, पण सगळी मांडणी मागे राहिली. म्हणून या वेळी डिजिकॅम घेतलं. ते मोफत आहे, विंडोजवर चालतं, आणि त्यातला अल्बम म्हणजे डिस्कवरचा खराखुरा फोल्डर. उद्या डिजिकॅम बंद पडलं तरी फोल्डर जागेवर राहतील. शिवाय फोटोला दिलेली ओळ आणि टॅग त्या फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवायची सोय आहे. सेटिंगमध्ये ती सुरू आहे ना, एवढं आधी बघून घ्या.

फोल्डरच्या नावात मी आधी वर्ष, मग महिना, मग कार्यक्रम लिहिते, उदाहरणार्थ "२०२०-०१ बाल आनंद मेळावा". त्यामुळे क्रम आपोआप लागतो. एकसारखे फोटो डिजिकॅम शोधून देतं, पण पुसायचं काम मी स्वतः बघून केलं. दोन दिवस गेले. सगळ्यात जास्त वेळ तारखांनी खाल्ला. प्रत्येक फोटोच्या आत काढल्याची तारीख लपलेली असते, पण शाळेच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली की त्याचं घड्याळ मागे जायचं. त्यामुळे आमचा एक स्वातंत्र्यदिन १ जानेवारीला साजरा झालेला दिसत होता! अशा फोटोंची तारीख एकदम बदलता येते. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंमध्ये मात्र ती आतली तारीख नसतेच, फाइलच्या नावातल्या आकड्यांवरून पाठवल्याचा दिवस तेवढा कळतो.

आता प्रतींचं. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आपण सामान्य ज्ञानात शिकवतो. तो चित्रपट आज पूर्ण बघायला मिळत नाही, काही भागच उरलाय. त्यांच्या वेळी एक प्रत काढायची म्हणजे केवढा खर्च! आपल्याला तर एक क्लिक पुरतं. पीटर क्रोघ नावाच्या छायाचित्रकाराने सांगितलेला हिशोब मी पाळते: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर.

बरेच जण म्हणतात, "गुगलवर आहेत की." तिथे १ जून २०२१ पासून टाकलेले फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जातात, आणि ती जागा जीमेल, ड्राइव्ह सगळ्यांना मिळून असते. दुसरं, मोबाईलमध्ये जागा करायला गुगल फोटोजमधून फोटो डिलीट केला तर तो वरूनही जातो. कचरापेटीत ६० दिवस राहतो, मग कायमचा. जागाच करायची असेल तर त्यातला "फ्री अप स्पेस" हा पर्याय वापरा. आमच्या घरात हे शिकताना सासूबाईंच्या काशीयात्रेचे फोटो जाता जाता वाचले.

शाळेतल्या मुलांचे फोटो मात्र मी इंटरनेटवर ठेवत नाही. डिजिकॅम चेहरे ओळखतं ते आपल्याच संगणकावर, तरीही. लेकरं दुसऱ्याची आहेत. २०२३ च्या डिजिटल माहितीच्या कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. ते फोटो दोन हार्ड डिस्कवर आणि एका पेन ड्राइव्हवर असतात. दुसरी डिस्क माझ्या माहेरी, सिन्नरला, आईच्या कपाटात साड्यांखाली. तिलाही पासवर्ड आहे. दिवाळीला आणि मे महिन्यात जाते तेव्हा घरची डिस्क तिथे ठेवते, तिथली आणते आणि भर घालते. आई म्हणते, "सोनं ठेवल्यासारखं काय गं जपतेस!"

आणि एक सवय लावून घेतली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अर्धा तास फोटोंखाली ओळ लिहायची. कोण, कुठे, काय चाललंय. मुलांबरोबर आलेल्या आयांची, आज्यांची नावंसुद्धा. अहवालात "पालक सहभाग" एवढंच लिहितो आपण, नाव कुठे लिहितो?

तो फोटो मी कडेने थोडाच कापला, फार मोठा केला नाही. मायलेकी दोघी येतील असा प्रिंट काढून नेऊन दिला. वडिलांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मुलगी पदर धरलेल्या स्वतःकडेच बघत बसली. फोटोच्या मागे मी लिहिलं होतं, "बाल आनंद मेळावा, जानेवारी २०२०, भेळीचा स्टॉल."

तिचा मोठा भाऊ आता सहावीत आहे. मेळाव्याच्या वेळी तो दुसरीला होता. त्याने फोटो उलटा करून वाचला आणि म्हणाला, "बाई, भेळ शेजारच्या स्टॉलवर होती. आईनं मिसळ केली होती. मी शेव टाकत होतो."

पळी हातात दिसत होती की, माझ्या लक्षात कसं आलं नाही! घरी येऊन डिजिकॅममधली ओळ बदलली. सिन्नरच्या डिस्कवर अजून "भेळ"च आहे, मे महिन्यात गेले की दुरुस्त करीन.