यंत्राची समजूत

देवघरासाठी जाळीदार दारांची एक जोडी करवून घ्यावी, एवढ्याच हेतूने आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील एका सुताराच्या कारखान्यात गेलो. तेथे सागाच्या फळीवर नक्षी कोरते ती पटाशी नव्हे. संगणकाच्या आज्ञेबरहुकूम तीन अक्षांवर फिरणारे सीएनसी राउटर कोरते. दारे देखणी झाली. परंतु शेजारी शेजारी उभी केली तेव्हा एका दाराची जाळी तिसऱ्या ओळीपर्यंत जुळे, आणि चौथीपासून सगळीच्या सगळी 3 मिलिमीटर बाजूला सरकलेली दिसे.

"मूळ आकृतीच चुकली असेल," असे आम्ही पांडित्याने म्हणालो. मिस्त्रींनी उत्तर दिले नाही. बिटाच्या जागी पेन्सिल बसवून त्यांनी यंत्राकडून एक चौरस काढविला व त्याचे कर्ण मोजले. ते सारखे भरले, अर्थात अक्ष काटकोनात होते. 500 मिलिमीटर चालण्याची आज्ञा केली. ती तंतोतंत पाळली गेली, तेव्हा मापाचा हिशेबही बरोबर. एकाच बिंदूवर डावीकडून व उजवीकडून आणून पाहिले; फरक पडला नाही, म्हणजे मळसूत्रात ढिलाई नाही. मोटर व मळसूत्र जोडणारे स्क्रूही घट्टच होते. मग संपूर्ण नक्षी हवेतच चालविली. यंत्र बिनचूक शून्यावर परतले. तीच लाकडात कोरताच मात्र ते शून्यापासून दूर थांबले, आणि पडद्यावर आकडा शून्यच!

"सर, त्याला वाटतंय आपण पोचलो," मिस्त्री हसून म्हणाले. "लाकडाच्या गाठीवर पाय अडखळला, ते त्याच्या गावीही नाही."

या यंत्राची स्टेपर मोटर एका फेऱ्यात 200 पावले टाकते. नियंत्रक दिलेल्या आज्ञा मोजतो, पडलेली पावले मोजीत नाही. वेग फार आणि घाव खोल असला, की कठीण जागी काही पावले हुकतात, व पुढचे सारे काम चुकीच्या ठिकाणाहून मोठ्या आत्मविश्वासाने चालू राहते. महागड्या यंत्रांत एन्कोडर नावाचे उपकरण खरी जागा परत कळविते. वेरूळच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात, ज्यास लोक सुतार झोपडी म्हणतात, छताला लाकडी तुळयांसारख्या फासळ्या दगडात कोरल्या आहेत. ते कोरणाऱ्यांपाशी हे काम प्रत्येक घावामागून फिरणारी नजर करीत असली पाहिजे.

मिस्त्रींनी वेग उतरविला, एका फेरीत घ्यावयाची खोली निम्मी केली. दार नव्याने कोरले, ते जुळले. आम्ही मात्र अस्वस्थ होऊन परतलो.

गेल्या सत्राच्या अखेरीस आम्ही अभ्यासक्रम असाच रेटला होता. नोंदवहीत 'प्रकरण पूर्ण' असे लिहिले, आणि समाधानाने शून्यावर परतलो. मागच्या बाकावरचा एक मुलगा दिवाळीनंतर आलाच नाही. तो कोणत्या ओळीवर अडखळला, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी व्याख्यान मध्येच थांबवून आम्ही म्हटले, "येथवर कळले ना?" वर्गाने सवयीने माना डोलाविल्या. त्या डोलण्यावर आम्ही तीस वर्षे विसंबून होतो! या खेपेस पुस्तक मिटले आणि एकेकास बोलते केले. तासभरात अर्धेच पान झाले. त्या मुलाचा पत्ता मात्र आम्ही कार्यालयातून मागवून घेतला आहे.