बौशरच्या बागेतला छोटा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पंजाबातले अफाट गव्हाचे शेत उभे राहते. आपल्या कोकणातल्या वाडीत, जिथे दोन पोफळींमधून माणूससुद्धा आडवा होऊन जातो, तिथे ट्रॅक्टरचे काय काम? माझाही समज असाच होता. पण गेल्या हिवाळ्यापासून एकवीस हॉर्सपॉवरचा, जपानी बनावटीचा एक छोटा ट्रॅक्टर मी आठवड्यातून दोन-तीनदा जवळून पाहते आहे. त्याच्याविषयी लिहावेसे वाटले, कारण वाचकांपैकी पुष्कळांच्या घराण्यात कधी तरी वाडी होती, आणि ती का गेली याची हकीकत बहुतेक घरी सारखीच आहे.

ट्रॅक्टर माझा नव्हे, माझ्या मैत्रिणीचा. ती ओमानी, माझ्यासारखीच निवृत्त परिचारिका. मस्कतला आम्ही दोघींनी एकाच वॉर्डात वर्षानुवर्षे रात्रपाळ्या केल्या. ती अजून मला ‘सिस्टर’ म्हणते आणि मी तिला. मी आता लेकाकडे बौशरला राहते; तिची वडिलार्जित खजुराची बाग इथेच, डोंगराच्या पायथ्याच्या जुन्या गावात आहे. बौशर आज मस्कत शहराचाच भाग झाला आहे. २००१ साली खुली झालेली सुलतान काबूस यांची मोठी मशीद बौशरमध्येच येते. मोठाले मॉल आणि रुंद रस्तेही आहेत. जुन्या गावात शिरले की मात्र फलजचे पाणी वाहताना दिसते. फलज म्हणजे आपला पाटच म्हणा ना. पाणी आपल्या उताराने येते, पंप लागत नाही, आणि वाटणी होते ती वेळेवर. साधारण अर्ध्या तासाच्या पाळीला ‘अथर’ म्हणतात.

तिचे तीन भाऊ आहेत. त्यांचे म्हणणे असे की खजुराच्या उत्पन्नातून गड्याचा पगारसुद्धा निघत नाही, तेव्हा झाडे काढून घरे बांधावीत आणि भाड्याने द्यावीत. हिशेबाने ते चुकीचे नाहीत. हिने दोन हंगामांची मुदत मागून घेतली आणि आपल्या निवृत्तीच्या पैशातून हा ट्रॅक्टर आणला. भावांनी बागेवर एक पैसा खर्चायचा नाही, आणि दोन वर्षे बाग विकायचीही नाही, असा करार ठरला.

विकणाऱ्याने ट्रॅक्टर चालवून दाखवला तो मोकळ्या मैदानात. बागेत आणल्यावर खरी परीक्षा. रुंदी सव्वा मीटरच्या आत, त्यामुळे झाडांच्या रांगांमधून तो जातो, वळतोही थोडक्या जागेत. पण फलजचे छोटे पाट ओलांडताना पहिल्याच दिवशी बांध ढासळले आणि शेजाऱ्याच्या पाळीचे पाणी भलतीकडे गेले. शेजारी अर्थातच रागावला. आता जाड लोखंडी पत्रे पाटावर टाकूनच तो पलीकडे नेतात. काम झाले की पत्रे उचलायचे, हा नियम.

दुसरे म्हणजे मुळे. मागे जोडलेला रोटाव्हेटर माती भुसभुशीत करतो, पण खजुराची मुळे नारळासारखीच झुपक्याची. बुंध्याजवळ खोल फिरवला तर ती तुटतात. बुंध्याभोवती दोन हात जागा कुदळीसाठीच राखली आहे. बुंध्याला यंत्राचा ओरखडा तर बिलकूल नको. आपल्या नारळावर येतो तोच सोंड्या भुंगा इथे खजुराचा काळ आहे, आणि त्याची मादी जखमेतच अंडी घालायला बघते. उघडी जखम ठेवू नये, हे आम्हा दोघींना कोणी शिकवायला नको.

चालकाच्या मागे लोखंडी कमान असते. ट्रॅक्टर उलटला तर ती जीव वाचवते, पण पट्टा बांधला असेल तरच. बागेत खालच्या फांद्या या कमानीला अडकतात, म्हणून गडी ती दुमडून ठेवू लागला. मैत्रिणीने फांद्या छाटायला लावल्या, कमान उभीच ठेवली. मागच्या फिरत्या दांड्याविषयी तर मीच कडक झाले. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. ओढणीचे किंवा लुंगीचे टोक त्यात गेले तर हात काढायला वेळच मिळत नाही. नोकरीत असे हात मी पाहिले आहेत. ते वर्णन इथे करीत नाही. इंजिन बंद केल्याशिवाय मागे कोणी जायचे नाही, हे मी हिंदीत आणि तिने अरबीत दहादा बजावले.

गडी बांगलादेशी आहे, हिंदी समजतो. ट्रॅक्टर आला त्या रात्री तो जेवला नाही. “मशीन आली, मी गेलो,” असे मला म्हणाला. तिने माझ्याकडून विचारले, “झाडावर कोण चढणार? मशीन?” ते खरेच आहे. नराचे पराग मादीच्या फुलोऱ्यात हातानेच घालावे लागतात, प्रत्येक झाडावर चढून. खत वाहणे, सुक्या फांद्या ओढणे, माती चाळवणे एवढेच यंत्राने घेतले. जे काम पूर्वी आठवडा खाई ते दीड दिवसात होते. आता तोच चालवतो, आणि दुसऱ्या कोणाला सीटवर बसू देत नाही!

तिच्या वडिलांच्या लहानपणी विहिरीचे पाणी बैल ओढी. त्या मोटेला इथे ‘जाजरा’ म्हणत, आणि तिच्या चाकाची कुरकुर गावभर ऐकू येई. मला रेवदंड्याचा राहाट आठवला. आमचे आजोबा शनिवार तेली. घाण्याचा बैल म्हातारा झाला की त्यालाच राहाटाला जुंपीत. बैल गेला, काका लोक परदेशी गेले, मजूर मिळेना, आणि वाडी तीन वर्षांत वाळली. विकली तेव्हा मी शाळेत होते. असा एखादा छोटा ट्रॅक्टर तेव्हा असता तरी वाडी राहिली असती असे मी म्हणणार नाही. चालवायला माणूस कुठे होता?

यंत्राची तक्रार एकच, उन्हाची. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की धूळ आणि खजुराचा काथ्या रेडिएटरच्या जाळीत बसतो आणि इंजिन तापते. काम पहाटे साडेचारला सुरू करून आठाला थांबवतात. जाळी रोज झाडायची. सुक्या फांद्यांचे काटे टायरमध्ये घुसतात. आतापर्यंत चार पंक्चर झाली.

ट्रॅक्टरचे वय किलोमीटरने नाही, तासांनी मोजतात. आम्ही त्याचा रुग्णासारखा तक्ता केला आहे: तास, तेल, तापमान, शेरा. पन्नास तासांना पहिले तेल बदलले. काल तक्त्यावर १३७ तास होते. थोरला भाऊ परवा बागेत येऊन तक्ता वाचून गेला, बोलला काहीच नाही. यंदाच्या मब्सली खजुराची, जो उकडून वाळवला की आपली खारीक होते, पोती अजून मोजायची आहेत. एक हंगाम उरला आहे.