रुग्ण, पाहुणा आणि नागरिक

'घेणे' हे क्रियापद सकर्मक आहे, असे आपण शाळेत शिकतो आणि पुढे वर्गात शिकवतो. मात्र संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये एखाद्या सहकाऱ्याने आवाज उतरवून "तुम्ही घेता का?" असे विचारले, तर "काय?" असा उलट प्रश्न सहसा कोणी करीत नाही. कर्म गाळलेले असते, अर्थ मात्र पुरता पोहोचतो. 'बसणे' या क्रियापदाचेही तेच. 'शनिवारी बसायचे का?' या वाक्यात खुर्चीचा संबंध नाममात्र असतो. मद्यपानाविषयी आमची भाषा अशी चोरपावलांनी का चालते, याचे उत्तर आम्ही बरीच वर्षे मध्यमवर्गीय संकोचात शोधत होतो. त्यातला काही भाग कायद्यात आहे, हे एका भाच्याच्या प्रश्नामुळे ध्यानात आले.

भाचा जन्माने आणि शिक्षणाने इंग्लंडचा, वय २२. डोंबिवलीस येण्यापूर्वी तो महिनाभर अमेरिकेत राहिला होता आणि तेथील मद्यविक्रीच्या नियमांनी चकित झाला होता. त्याच्या देशात अठराव्या वर्षी दारू विकत घेता येते. अमेरिकेत त्यासाठी २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. पेनसिल्व्हेनियात तर व्हिस्कीची बाटली सरकारी दुकानातून घ्यावी लागली, आणि सोबतच्या पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनाही वयाचा पुरावा विचारला गेला. १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी करून पाहिलेल्या आणि मग ती मोडीत काढलेल्या समाजाचा हा मागे उरलेला कडकपणा. एकविसाची अट न पाळणाऱ्या राज्यांच्या महामार्ग निधीला कात्री लावण्याची तरतूद तेथे १९८४ साली झाली. नियम जाचक असेल, पण तो कागदावर आहे तसाच गल्ल्यावरही आहे.

त्याच सवयीने भाच्याने डोंबिवली पूर्वेच्या एका दुकानाच्या जाळीतून पासपोर्ट आत सरकवला आणि बिअर मागितली. दुकानदार म्हणाला, "ते राहू द्या, सुटे आहेत का?" बिअर वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर आली.

घरी आल्यावर आम्ही त्याला कायदा समजावला. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइन यांसाठी २१ वर्षे, इतर मद्यासाठी २५. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये सज्ञान ठरलेला हा तरुण ठाणे जिल्ह्यात व्हिस्कीपुरता पुन्हा अज्ञान. शिवाय वय भरले तरी पिण्यासाठी परवाना हवा. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. आमच्याजवळ आजीवन परवाना आहे. तो पाहण्याची उत्सुकता आजवर एकाही परमिट रूमने दाखवलेली नाही. "हा परवाना कशासाठी देतात?" असे भाच्याने विचारले. आम्ही सांगितले, मूळ कल्पना अशी की प्रकृती सांभाळण्यासाठी ज्याला मद्याची गरज आहे, त्याला तो द्यावा. तो गंभीरपणे म्हणाला, "मामा, मग तुम्हाला नक्की काय झालंय?"

घरात हशा पिकला. प्रश्न मात्र नेमका होता. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा. मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी १९५० मध्ये आली आणि मोरारजी देसाई तिचे सर्वांत ठाम पुरस्कर्ते होते. बालसारा खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने यांच्यापुरत्या काही तरतुदी रद्द केल्या. कायद्याचा गाभा टिकला. या कायद्यातील परवान्यांची कलमे वाचली, की पिणारी माणसे मुख्यतः दोन प्रकारची दिसतात. एक, परदेशी पाहुणा, ज्याची सवय समजून घ्यायची. दुसरा रुग्ण, ज्याची गरज समजून घ्यायची. दिवसभर काम करून एक पेला घेऊ इच्छिणारा धडधाकट नागरिक त्यात नाही. १९६० नंतर महाराष्ट्राने हळूहळू दारे उघडली, महसूलही वाढवला, पण घर तेच राहिले. म्हणून ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या परमिट रूमना नाव परवान्याचे, काचा काळ्या आणि आत भरदिवसाही रात्र.

ज्या जिल्ह्यात आम्ही राहतो, तेथे ही गोष्ट १९४९ पूर्वीची आहे. ठाणे जिल्ह्यातील आदिवासी मोहाच्या फुलांची आणि किनाऱ्याकडचे लोक माडाची पीत. १८७८ च्या अबकारी कायद्याने त्यावर सरकारची पकड घट्ट केली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलेच बाळगण्यावर निर्बंध आणण्यासाठी १८९२ साली स्वतंत्र 'म्होवरा कायदा' करण्यात आला. पुढे 'देशी दारू' हे नाव मिळाले ते कारखान्यात मद्यार्कापासून होणाऱ्या, सीलबंद बाटलीतल्या द्रवाला. परमिट रूममध्ये मिळते ते 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य'. या मातीतली दारू मात्र 'हातभट्टी' म्हणून गुन्ह्याच्या रकान्यात गेली. शब्दांची ही अदलाबदल अर्थपरिवर्तनाचे उदाहरण म्हणून वर्गात सांगण्याजोगी आहे.

तिची किंमत काही जण जिवाने देतात. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉलमिश्रित गावठी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. आमचा न तपासलेला परवाना आणि त्यांची न तपासलेली दारू एकाच व्यवस्थेतून आली. ज्या कायद्यापुढे जवळजवळ प्रत्येक पिणारा दोषी ठरू शकतो, तेथे कोणाला धरायचे हे धरणाराच ठरवतो, आणि तो सहसा वातानुकूलित खोलीपर्यंत येत नाही.

म्हणून दारूबंदीची मागणी करणाऱ्यांना हसावे, असे आम्हाला वाटत नाही. ठाण्यात तलावपाळीच्या काठी ज्यांच्या नावाचे रंगायतन १९७८ पासून उभे आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्या नाटकात सुधाकराला व्यसन आहे, तळीरामाला युक्तिवाद आहे आणि सिंधूला केवळ सहनशीलता आहे. पुढची अनेक वर्षे आपण सुधाकराला शिक्षा करावी की उपचार, एवढेच बोलत राहिलो. सिंधूचे मत काय, हे कायद्याने विचारले नव्हते.

नंतर ते विचारले गेले. स्त्रियांच्या चळवळींमुळे गडचिरोलीत १९९३ साली जिल्हाभर दारूबंदी झाली, आणि पुढे महाराष्ट्रात गाव किंवा प्रभाग पातळीवर मतदानाचा नियम आला. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवीच्या बाजूने मत दिले, तर दुकान बंद होते. काही ठिकाणी बाटली आडवी झाली, काही ठिकाणी उभी राहिली. बंद दुकानामागे हातभट्टी सुरू झाल्याच्या तक्रारीही आल्या. तरी आमच्या मते दारूविषयीच्या आपल्या एवढ्या मोठ्या कायदेव्यवहारात हीच एक जागा अशी आहे, जेथे समोरच्या व्यक्तीला रुग्ण किंवा पाहुणा न मानता नागरिक म्हणून प्रश्न विचारला जातो. तिला दुकानाविषयी विचारता येते, तर पिणाऱ्यालाही त्याच्या पेल्याविषयी सरळ विचारता यावे: वय किती, गाडी कोण चालवणार, घरी काय पोहोचणार. प्रकृतीची चौकशी डॉक्टरांकडे सोपवावी.