तिरपी रेघ

बास्केट पडली की स्कोअरशीटवरच्या आकड्यावर तिरपी रेघ मारायची, फ्री थ्रो पडला की भरीव टिंब द्यायचं. अशा रेघा-टिंबांच्या वह्या माझ्या कपाटाच्या खालच्या खणात आहेत. पहिली 1983 ची. सगळ्या अकोल्यातल्या माझ्या महाविद्यालयाच्या संघाच्या. मी त्या संघातून कधी खेळलो नाही. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असताना क्रीडा संचालक सरांनी एवढंच विचारलं, "अक्षर कसं आहे रे तुझं?" आणि टेबलाशी बसवलं. पदवी झाल्यावर टेबल सुटलं, वही सुटली नाही. नोकरीतल्या रजा मी इंटर कॉलेजच्या तारखा बघून टाकल्या. घरच्यांनी ते समजून घेतलं, याचं मला आजही मोल वाटतं.

1983 चं ते वर्ष आमच्यासाठी मोठं होतं. 1 मेला अमरावती विद्यापीठ नागपूरपासून वेगळं झालं. त्याआधी आमच्या सीनियर पोरांना नागपूरच्या कॉलेजांशी खेळावं लागे, आणि तिथली मुलं शाळेपासून बास्केटबॉल खेळून आलेली. आता अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ अशा चार जिल्ह्यांचं आपलं विद्यापीठ झालं (वाशीम तेव्हा अकोल्यातच होतं). आदल्याच वर्षी दिल्लीत आशियाई खेळ झाले होते. त्याच्या दोन वर्षं आधी भारताचा बास्केटबॉल संघ मॉस्को ऑलिम्पिकला जाऊन आला होता. तो तिथं एकही सामना जिंकला नव्हता, तरी पोरं त्याबद्दल अभिमानानं बोलायची. भारताचा पुरुष संघ ऑलिम्पिकमध्ये खेळला तो त्या एकदाच.

हा खेळ आमच्या मातीतला नाही. 1891 च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला, थंडीमुळं मुलांना बाहेर खेळता येईना म्हणून जेम्स नाइस्मिथ नावाच्या शिक्षकानं व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकल्या आणि हा खेळ काढला. थंडीवरचा तो उपाय आम्ही अकोल्याच्या उन्हात, उघड्या सिमेंटवर खेळतो. मार्चनंतर संध्याकाळी सहालाही कोर्ट तव्यासारखं तापलेलं असतं. म्हणून आमचा सराव कायम पहाटे साडेपाचचा.

वऱ्हाडच्या मातीतले खेळ कबड्डी आणि खो-खो. अमरावतीला वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं 1936 मध्ये थेट बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी करून दाखवली. कबड्डीला चुन्याच्या चार रेषा पुरतात. व्हॉलीबॉलला दोन बांबू आणि जाळी मिळाली की गाव खेळायला लागतं. बास्केटबॉलला मात्र पक्कं कोर्ट हवं, दहा फुटांवर रिंग हवी, बोर्ड हवा. तेल्हारा-पातूरकडच्या खेड्यातलं पोट्टं या चेंडूला पहिल्यांदा हात लावतं तेव्हा ते अठरा वर्षांचं झालेलं असतं. तीन वर्षांत त्याला सगळं शिकायचं असतं, आणि शेवटची एसटी गाठायची म्हणून संध्याकाळचा सराव अर्ध्यात सोडायचा असतो. कापूस वेचणीला आला की आठवडाभर ते दिसतच नाही.

माझ्या वह्यांत नावांपेक्षा नंबर जास्त आहेत. पूर्वी बास्केटबॉलमध्ये नंबर चारपासून पंधरापर्यंतच असत, कारण एक, दोन, तीन ही बोटं पंच गुण दाखवायला वापरतो. बाहेर नियम बदलला, पण आमच्या कॉलेजात अजून तीच पद्धत आहे. त्यातला सात नंबर माझा लाडका. आजवर तेरा जणांनी तो घातला.

पहिला सात नंबर मूर्तिजापूरकडचा. 1985 ला आम्ही इंटर कॉलेजच्या फायनलला तीन गुणांनी हरलो. बडनेऱ्याला पॅसेंजरची वाट बघत फलाटावर बसलो होतो. कुणी जेवलं नव्हतं. याच मुलानं माझी वही मागून घेतली आणि दिव्याखाली शेवटची पाच मिनिटं रेघ-रेघ वाचून काढली. म्हणाला, "दादा, आपण थकलो नाही. आपण घाबरलो. हे पाहा, या चार मिनिटांत आपण बोर्डाखाली गेलोच नाही." खरं होतं. मी लिहिलेलं होतं, पण मला ते दिसलं नव्हतं.

पुढच्या वर्षी आम्ही जिंकलो. दोन मिनिटं उरली असताना चार गुणांनी मागं होतो. सगळे म्हणत होते, सातला चेंडू द्या, तो टाकेल. तो टाकायला उडाला, दोन पोरं त्याच्या अंगावर आली, आणि त्यानं हवेतच चेंडू खाली मोकळ्या उभ्या असलेल्या नऊ नंबरला दिला. असं सलग तीनदा झालं. वहीत त्या तिन्ही रेघांशी नऊ आहे, सात कुठंच नाही. ते पान उघडलं की मला तो उडालेला दिसतो. पास लिहायला स्कोअरशीटवर जागा नसते, याची खंत मला त्या दिवसापासून आहे. त्या रात्री अमरावतीत आम्ही ताटं भरभरून गिला वडा खाल्ला.

आणि 1987 ला पहिल्याच फेरीत बाहेर. पाचांपैकी चार पोरं पदवी घेऊन गेली होती. कुणी बँकेत लागलं, कुणी पोलिसात, सात नंबर शेतीवर परतला. कॉलेजच्या संघाचं हे दुखणं मला तेव्हा नवं होतं. क्लबचा खेळाडू दहा-दहा वर्षं राहतो. कॉलेजात तीन वर्षांत अख्खा संघ बदलतो, आणि मुलगा पास होऊन गेला याचं वाईट वाटून घ्यायचं तरी कसं? मी त्यांचे निकाल पेपरात शोधायचो. पास झालेला दिसला की आनंद व्हायचा, आणि लगेच पुढच्या वर्षीचा सेंटर कोण, ही काळजी लागायची.

नव्वदच्या दशकातल्या वह्या पातळ आहेत. एक सामना, दोन सामने, बस. दोन वर्षी संघच उतरला नाही. पण हरणाऱ्या संघापाशी बसूनच मी खेळ बघायला शिकलो. रिबाउंडला आधी पाठ लावून जागा धरणारा कोण, वीस गुणांनी मागं पडल्यावरही बचावाला परत धावणारा कोण, हे जिंकताना माझ्या लक्षात येत नसे.

मग 1998 ला एक तरुण क्रीडा संचालक आले आणि कोर्ट जागं झालं. त्यांनी व्हॉलीबॉल खेळणारी उंच पोरं खेड्यांतून हुडकली, पहिल्यांदा मुलींचा संघ उभा केला. मुली आधी फाटकाबाहेर चपला काढून अनवाणी यायच्या. दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडं बूट होते आणि सेमीफायनल होती. याच सुमारास खेळ बदलला. 2000 साली वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ जाऊन दहा-दहाचे चार क्वार्टर आले, हल्ल्याला तीसऐवजी चोवीस सेकंद उरले. मी नवी वही घेतली, नव्यानं रकाने आखले. ते सर गेल्यावर ती जागा कित्येक वर्षं भरलीच नाही. तासिका तत्त्वावर येणारी मुलं जीव तोडून शिकवायची, पण त्यांना स्वतःचंच पुढच्या वर्षीचं ठाऊक नसे. सेमिस्टर आल्यावर परीक्षा आणि स्पर्धा एकमेकींवर आदळू लागल्या. कोर्टाचं कुंपण पडलं ते पडलंच. 2020 ची वही कोरी आहे. मी ती तशीच ठेवली आहे.

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ज्या रस्त्यावर आमच्या पोरांनी खड्ड्यांत हेलकावे खात, गुडघ्यांना बर्फ लावत प्रवास केला, तो आता असा गुळगुळीत आहे की क्रूझरमध्ये वहीत लिहितासुद्धा येतं.

गेल्या मोसमात त्याच रस्त्यानं परत येत होतो. आम्ही सहा गुणांनी हरलो होतो. मूर्तिजापूर मागं पडलं तोवर पोरं झोपली होती. सध्याचा सात नंबर जागा होता. अकोटकडच्या खेड्यातला, अकोल्यात खोली करून राहणारा, बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा. चौथ्या क्वार्टरला पाचवा फाउल होऊन तो बाहेर बसला होता.

"काका, हारल्याचं कायले लिवता?"

मी मोबाइलचा उजेड धरून वही त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं बोटानं त्याची टिंबं मोजली. चार. मी सांगितलं, बारा फ्री थ्रो मिळाले होते.

"म्हंजे आठ गेले."

"हो."

बोरगाव मंजू येईस्तोवर तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, सकाळी कोर्टाले कुलूप राह्यते का?"

"कुंपणच नाही, कुलूप कुठलं?"

"मंग पाचलेच येतो."

घरी पोचायला साडेबारा झाले. मी गजर लावला आणि नव्या पानावर तारीख घातली.